सीटला खोबरेल लावू नये

१

डबा उघडला तेव्हा आत देवी नव्हती, कुयरी होती.

दत्तात्रेय खानविलकरांनी हे उभ्याउभ्याच सांगितलं आणि काशीरामच्या हातातला ब्रश साबणाच्या बालदीत पडला. सकाळचे साडेआठ वाजत होते. मारुती मंदिराकडून साळवी स्टॉपला जाणाऱ्या रस्त्यावर शाळेच्या रिक्षा धावत होत्या, आणि काशीरामच्या दुकानासमोर खानविलकरांची पांढरी ॲम्बॅसेडर उभी होती. तीच गाडी, जिची सीट त्यानं परवा दिवसभर खपून धुतली होती.

"कुयरी म्हणजे… फणसाची?" काशीरामनं विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"फणसाचीच. देवीच्या लाल कापडात गुंडाळलेली." खानविलकरांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच काशीरामला जास्त भीती वाटली. चढलेला आवाज उतरतो तरी.

खानविलकर मालगुंडच्या अलीकडच्या एका गावचे मानकरी. गावदेवीचा चांदीचा मुखवटा वर्षभर त्यांच्या देवघरात असतो आणि शिमग्याला पालखीत बसतो. यंदा, म्हणजे दोन हजार एकच्या शिमग्याला, मुखवटा उजाळा द्यायला रत्नागिरीत सराफाकडे आला होता. देवी परत जाणार ती गाडीच्या मागच्या सीटवर एकटी बसून, शेजारी माणूस बसणार नाही, असा रिवाज. म्हणून तर खानविलकरांनी सीट आधी धुऊन घेतली होती. माणसासाठी एवढी काळजी कोण घेतो?

काल दुपारी खानविलकरांचा पुतण्या मुकुल आणि ड्रायव्हर हरिश्चंद्र सराफाकडून डबा घेऊन निघाले. वाटेत काशीरामकडे थांबले, कारण पुढच्या सीटचं रेक्झिनचं कव्हर चढवायचं राहिलं होतं. तासाभरात काम उरकून ते गावाला गेले. डबा उघडायचा होता होळीच्या पहाटे. पण संध्याकाळी लवू गुरवाला डब्यापाशी मुंग्यांची रांग दिसली आणि तो उघडला गेला.

"गाडी तुमच्याकडे एक तास उभी होती," खानविलकर म्हणाले. "मुकुल जेवायला गेलेला. हरी बाहेर बाकड्यावर. गाडीत डब्यासोबत तुम्ही एकटे. उद्या होळी आहे, काशीराम. गावाला मी काय तोंड दाखवू? बारा वाजेपर्यंत मी इथं बसतो. मग पोलीस ठाण्यात जातो."

"दादा, बावीस वर्षं लोकांच्या गाड्या…"

"एवढंच सांगा. तुम्ही डब्याला हात लावला होता?"

"नाही," काशीराम म्हणाला.

आणि ते खोटं होतं.

२

काशीरामच्या दुकानात भिंतीला एक फळी होती. तिला बारा खिळे. गिऱ्हाईक गाडी सोडून गेलं की किल्ली खिळ्याला लागायची. सुई, दोरा, ब्रश सगळ्यांकडे असतात, पण आपल्या गाडीची किल्ली बिनघोर सोपवावी असा माणूस गावात एखादाच असतो, हे काशीरामला पक्कं ठाऊक होतं. फळीच्या वर त्यानं स्वतः रंगवलेली पाटी होती: 'सीटला खोबरेल लावू नये.' सीट चमकावी म्हणून खोबरेल चोपडायची कोकणी खोड काही सुटत नाही. आणि मग रेक्झिन चिकट होतं, धूळ धरतं, मखमलीची लव बसते, चामड्याला पावसाळ्यात बुरशी येते. या पायी त्यानं गिऱ्हाइकांशी भांडणं केली होती.

आज सकाळी फळीवर सात किल्ल्या होत्या. नऊ वाजता सहा उरल्या. शेजारच्या बँकेतले साहेब आले, बाकड्यावर बसलेल्या खानविलकरांशी दोन शब्द बोलले, आणि "मला आज गाडी लागेल" म्हणून अर्धी धुतलेली सीट तशीच ओली घेऊन गेले. साडेनवाला एका डॉक्टरीणबाईंचा माणूस आला. त्यांच्या गाडीला पिवळसर चामड्याच्या सीटा होत्या, नुसत्या ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवायच्या, मग मलम चोळायचं. काशीराम त्याला हे समजावायला गेला. तो म्हणाला, "राहू द्या, बाई म्हणाल्या नुसती गाडी आण."

पाच.

काशीराम आत गेला. मशीनवर त्याची बायको सोनूबाई बसली होती आणि तिचा पाय थांबला नव्हता. ही बाई घर जळत असतानाही आधी टाका पुरा करील, असं काशीराम रागावला की म्हणायचा. तसा तो रोजच रागावायचा.

"बसा," ती म्हणाली. "घाम पुसा. आणि मना खरा सांगा. डब्याला हात लावलाव ना?"

"छे गं."

"तुमी खोटा बोलताना डावा कान चोळता. आताही चोळताय."

त्यानं हात खाली घेतला. "अगं, कव्हर ओढून घेताना डबा मधे येत होता. जरा उचलून बाजूला ठेवला. एवढाच! देवीच्या डब्याला बिनआंघोळीचा हात लावला म्हणून सांगू? त्यांनी तिथल्या तिथं मना चोर ठरवला असता."

"उचललात तेव्हा आतून आवाज आला?"

आला होता. खणकन्. भांड्यात भांडं हलावं तसा. दचकून त्यानं डबा खाली ठेवला होता.

"मग कुयरी खणकन् वाजते का हो?" सोनूबाईनं दोरा तोडला. "म्हणजे इथं असताना देवी डब्यात होती. हे तुमी आता बाहेर जाऊन सांगायचा."

"वेडी आहेस? मी आधी नाही म्हणालोय! आता हात लावला म्हणून कबूल करू? माझ्या आवाजावर कोण विश्वास ठेवील?"

"आणखी कोणी ऐकला असेल तर ठेवतील."

काशीरामला आठवलं, आणि त्याच्या जिवात जीव आला. बाहेर बाकड्यावर हरी होता. हरिश्चंद्र, त्याचा वीस वर्षांपासूनचा दोस्त, ज्यानं अर्ध्या तालुक्यातली गिऱ्हाइकं या दुकानाला आणून दिली. डबा वाजला तेव्हा हरी खिडकीतून म्हणाला होता, "हळू रे काशी, देवी हाय त्यात."

३

काशीराम बाहेर आला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हात लावला, उचलला, आवाज आला, आणि हरीनं तो ऐकला.

खानविलकर बाकड्यावर ताठ बसले. "हरी, ऐकलास तू आवाज?"

हरिश्चंद्र गाडीला टेकून उभा होता, शेजारी मुकुल. हरीचे डोळे लाल, दाढी वाढलेली. काल संध्याकाळी खानविलकरांनी गाडीला कुलूप घालून किल्ली स्वतःकडे ठेवली होती, आणि घरातल्या कुणाला झोप अशी लागलीच नव्हती. सकाळी गाडी दुकानासमोर थांबली तेव्हा काशीरामनं पाहिलं होतं, हरी स्टिअरिंगला छाती लावून, पाठ सीटला न टेकता बसला होता. बिचारा किती घाबरलाय, असंच तेव्हा काशीरामला वाटलं.

"नाय बा," हरिश्चंद्र म्हणाला. "मी काय ऐकला नाय."

"हरी?" काशीराम म्हणाला.

हरीनं त्याच्याकडे बघितलं नाही.

पोलीस, गाव, किल्ल्या, सगळं त्या क्षणी मागे पडलं. हा माणूस माझ्या मुलीच्या लग्नात चार दिवस पाणी भरत होता, एवढंच त्याच्या डोक्यात येत राहिलं. आधी नाही म्हणालेला आणि आता हो म्हणणारा काशीराम सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लबाड ठरला होता. खानविलकरांनी घड्याळ बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं.

"दादा," दारातून सोनूबाई म्हणाली, "बारा वाजायला वेळ हाय. मी जरा सीट बघू?"

"सीट? सीटमध्ये काय बघणार तुम्ही?"

"दुसरा काय बघायला येतंय आमाला?"

तिनं मागचं दार उघडलं. सीट मरून रंगाच्या मखमलीची, पाच वर्षांपूर्वी या दोघांनीच शिवलेली. मखमल भिजवायची नसते. रिठ्याचा नुसता फेस घ्यायचा, मऊ ब्रशानं उचलायचा, सावलीत वाळवायचं, आणि शेवटी लव एका दिशेनं बसवायची. सोनूबाई ती नेहमी मागे, पाठीच्या दिशेनं बसवायची. तिनं तळहात सीटवरून फिरवला. मधोमध, जिथं डबा होता तिथं, हात थांबला. तिनं बोटं नाकाला लावली.

"अहो, इकडे या."

काशीराम वाकला. तळहाताएवढा काळपट डाग. लव उलटसुलट चोळलेली, मध्यभागी चिकट. आणि वास तर आंधळ्यालाही कळला असता.

खोबरेल.

४

"बघा!" खानविलकर उठले. "तुमच्याच दुकानातला डाग!"

"दादा, थांबा," सोनूबाई म्हणाली. "मुकुल, इकडे ये बाळा. काल निघताना तू या दाराशी उभा होतास. मी काय करत होते?"

मुकुल तेवीस-चोवीस वर्षांचा, डोंबिवलीत वाढलेला, शिमग्याला आठ दिवस आलेला. काकांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. "तुम्ही… ब्रश मारत होतात. सगळ्या सीटवर. काशीरामकाकांनी डबा बाजूला ठेवलेला, तो मला मधे ठेवायला सांगितलात."

"मधे ठेवलास तेव्हा तिथं डाग होता?"

"नाही, काकी. एकदम स्वच्छ होती सीट. मी म्हणालोसुद्धा, नवीन वाटतेय."

"म्हणजे डाग इथून निघाल्यावर पडला," सोनूबाई खानविलकरांकडे वळली. "कुयरीचा देठ चिरला की चीक गळतो. ही कुयरी या सीटवर ठेवली, चीक गळला, तो तेलानं पुसायला बघितला आणि वर डबा ठेवला. म्हणजे अदलाबदल वाटेत झाली. आणि दुसरा सांगते. आमी दोघा चोर असतो तरी मखमलीला तेल लावला नसता. चिकाला बर्फ लावायचा. तो कडक होतो, मग नखानं टरफलासारखा निघतो. हे आमाला झोपेतसुद्धा कळतंय."

खानविलकर परत बाकड्यावर बसले. बसताना मात्र ते पुतण्याकडे बघत होते, आणि आता मुकुलचा चेहरा पांढरा पडला.

"वाटेत कुठं थांबलात?" सोनूबाईनं विचारलं.

"जाकादेवीच्या नाक्यावर. चहाला," मुकुल म्हणाला. "पण गाडीपाशीच. गाडी सोडून कुठं गेलो नाही."

"दोघं पण?"

"दोघं पण."

"हरीभावजी, खरा काय?"

"खरा," हरिश्चंद्र म्हणाला.

काशीरामला वाटलं, संपलं. दोघं एकमेकांची साक्ष देतात म्हटल्यावर काय करणार? घड्याळाकडे बघवेना. पण सोनूबाईनं मशीनपुढचं स्टूल बाहेर आणलं आणि शेजारच्या बाईशी गप्पा माराव्या तशी मुकुलपुढे बसली.

"चहा कशात दिला? कपात की ग्लासात?"

"ग्लास… कपात."

"सोबत काय खाल्लात?"

"काही नाही. म्हणजे, वडा."

"भावजी, तुमी काय खाल्लात?"

"मी काय नाय खाल्ला. उपास."

"आणि मुकुल वडा खाताना तुमी बघितलात?"

हरिश्चंद्रानं मुकुलकडे बघितलं. खानविलकर म्हणाले, "मुकुल." एवढंच म्हणाले.

मुकुलच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, तुम्ही सांगितलेलं, डब्यावरनं नजर हलवायची नाही. पण मला मुंबईला फोन करायचा होता. घरून करता येत नाही, सगळे ऐकतात. एसटीडीवर रांग होती. अर्धा तास लागला. हरीदादांना म्हटलं, काकांना सांगू नका. ते म्हणाले, मी पण सांगत नाय, तू पण सांगू नकोस." त्यानं नाक ओढलं. "देवीशप्पथ, मी डबा उघडला नाही."

"फोन केला की नाही याला साक्ष काय? तूच केलं नसशील कशावरून?" खानविलकर ओरडले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. अकरा वाजायला आले होते आणि आता ते मारायला काठी शोधत होते.

५

"मारू नका," सोनूबाई म्हणाली. "ती कुयरी आणलीत ना सोबत? मना द्या."

पुरावा म्हणून खानविलकरांनी ती पिशवीतून आणली होती. हिरवीगार, काटेरी, नारळापेक्षा जरा मोठी. सोनूबाईनं ती हातात तोलली. "मना एक गोष्ट सकाळपासून कळत नाय. डबा जड लागावा म्हणून आत काय घालायचा? वाटेत दगड का थोडे हायत? चोर असता तर दगड घातला असता. पण देवीच्या जागी, देवीच्या कापडात दगड ठेवायला याचा हात धजला नाय. फळ ठेवलान. चोराला देवीचा एवढा भय असतो का, दादा?"

तिनं कुयरी बाकड्यावर ठेवली.

"हरीभावजी, दर शिमग्याला तुमी मना दादांच्या बागेतली पहिली कुयरी आणता. यंदा आणली नाय ती?"

"यंदा फणस उशिरा धरलाय," हरिश्चंद्र म्हणाला. "अजून लागल्या नायत."

"हं. आणि गाडीत खोबरेलाची बाटली अजून ठेवता?"

"छे! काशीनं शिव्या घातल्यापासनं बंद केलाय."

सोनूबाईनं मान डोलावली आणि आतून विळी आणली. "मुकुल, जरा धर रे ही. मना एकटीला कापवत नाय."

मुकुलनं कुयरी दोन्ही हातांनी धरली. विळीवर देठाकडचा भाग चिरला गेला आणि पांढराशुभ्र चीक भळाभळा त्याच्या बोटांवर आला. तो "शी!" म्हणून उठला आणि नळाकडे धावला. साबण घेतला, पाणी सोडलं, हात चोळले. चीक जाण्याऐवजी पसरला. बोटाला बोट चिकटलं. त्यानं रुमाल घेतला, तो रुमालही चिकटला. एरवी काशीराम हसला असता.

"अरे, पाणी नको! पाणी नको लावू, बाबा!" हरिश्चंद्र गाडीपासून सुटला. "आणखी बसेल तो! थांब, थांब." त्यानं खिडकीतून हात घालून पुढचा कप्पा उघडला, आतून एक लहान बाटली काढली, बूच दातांनी उपटलं आणि मुकुलच्या तळहातावर तेल ओतलं. "हां, आता चोळ. कोकणातला ना तू? चिकाला तेल लागतं, एवढा तरी…"

तो बोलता बोलता थांबला.

रस्त्यावरून एक एसटी गेली. मुकुल तेलकट हात पुढे धरून उभा होता. खानविलकर बाटलीकडे बघत होते. हरिश्चंद्रही आपल्याच हातातल्या बाटलीकडे बघत होता, जणू ती दुसऱ्याच कुणी तिथं ठेवली होती.

"मुकुल एकटा गाडीत असता," सोनूबाई हलक्या आवाजात म्हणाली, "तर त्यानं सीटला पाणी लावला असता. आमी असतो तर बर्फ. तेल लावणारा जाकादेवीला अर्धा तास गाडीत एकटा होता, भावजी."

६

"कुठं आहे?" खानविलकरांनी हरिश्चंद्राची कॉलर धरली. "विकलास? कुणाला दिलास? बोल!"

हरिश्चंद्रानं कॉलर सोडवून घेतली नाही.

काशीराम मात्र गाडीच्या पुढच्या सीटकडे बघत होता. त्याला सकाळचा हरी आठवत होता, स्टिअरिंगला छाती लावून बसलेला. जाकादेवीपासून गाव, गावापासून रत्नागिरी, या सगळ्या वळणांच्या रस्त्यात पाठ न टेकता कोण गाडी चालवतो? घाबरलेला माणूस तर उलट सीटमध्ये रुततो.

त्यानं दार उघडलं. काल त्यानंच चढवलेलं राखाडी रेक्झिन, अजून नव्या मालाचा वास येणारं. कव्हराच्या नाड्या तो पाठीमागे, खाली, दुहेरी सरगाठीनं बांधायचा, एक टोक ओढलं की सुटणारी. त्यानं चाचपलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन नाड्यांना साधी निरगाठ होती.

"ही गाठ माझी नाय," काशीराम म्हणाला.

निरगाठ सोडायला वेळ लागला. रेक्झिन वर केलं. काथ्याच्या गादीमागच्या पोकळीत हात घातला. आधी कापड लागलं, कोरं, खळीचं. त्यानं ते दोन्ही हातांनी बाहेर काढलं. नवा पंचा होता, त्याची घडी मोडलेली नव्हती. आत देवी होती. उजाळा दिलेली, लखलखीत, डोळे उघडे.

खानविलकरांनी चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या.

"मी तिच्यावर बसलो नाय, दादा," हरिश्चंद्र म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरेना. "पाठ पण लावली नाय. आयशप्पथ."

"का पण, हरी? का?"

"आईसाठी."

हरिश्चंद्राची आई यमुनाबाई, वय शहाऐंशी. वर्षभर अंथरुणाला खिळलेली. पालखी त्यांच्या वाडीत पिढ्यानपिढ्या यायची. दोन वर्षांपूर्वी वाट लांब पडते, माणसं दमतात म्हणून ती बंद झाली. यमुनाबाई रोज विचारायची, शिमगा कधी? देवी दारात कधी येणार? मना तिची ओटी भरायचीय, मग मी जाते.

"डबा उद्या पहाटे उघडायचा होता," हरिश्चंद्र म्हणाला. "वैनीला आणलेली कुयरी आत ठेवली. म्हटला, संध्याकाळी तासभर घरी नेईन, आईला दाखवीन, रात्री परत डब्यात ठेवीन. कुणाला कळणार नाय. पण मुंग्या लागल्या. डबा उघडला, तुमी गाडीला कुलूप लावलात. मग कसा सांगू? सगळा गाव अंगणात बसलेला."

"मला आधी विचारायचंस!"

"विचारला होता. गेल्या वर्षी आणि यंदा. तुमी म्हणालात, हे गावाना ठरवलाय, मी एकटा काय करणार."

"खरंच आहे ते," खानविलकर म्हणाले, पण आवाज पडला होता. "पालखी गावाची. मी एकटा कसा ठरवणार?"

"बंद करताना गावाला विचारला होता का, दादा?" सोनूबाईनं विचारलं.

खानविलकरांनी मुखवटा पंच्यासकट काशीरामच्या हातातून घेतला. मग हरिश्चंद्राकडे वळले.

"चल. आधी तुझ्या घरी जाऊ. आईला म्हणावं, ओटीची तयारी कर. आणि उद्या पालखीही येईल. कोण दमतो ते बघतो मी."

हरिश्चंद्र त्यांच्या पाया पडायला वाकला. खानविलकर मागे सरकले. "माझ्या कसल्या पडतोस? ज्याच्या पडायला हवं तो तिथं उभा आहे."

हरिश्चंद्र वळला. काशीरामला वाटलं होतं, खरा चोर सापडला की आपल्याला हायसं वाटेल. सापडला, देवी मिळाली, नाव निघालं, आणि छातीवरचं ओझं होतं तिथंच होतं.

"तू आवाज ऐकला होतास," काशीराम म्हणाला.

"होय."

"तुझ्या आईचा मना सांगला असतास तर मी स्वतः कव्हर उसवून दिला असता. तू मना चोर होऊ दिलास, हरी. किल्ल्या गेल्या माझ्या. तू बघत उभा होतास."

"भ्यायलो रे."

"मी नव्हतो भ्यायलो?"

सोनूबाई कुयरीचे दोन तुकडे घेऊन आत गेली.

मागच्या सीटवर डाग पडलेला, त्यावर देवी कशी बसवणार? मुकुलनं तेलकट हातांनीच समोरून जाणारी जीप थांबवली. खानविलकर मुखवटा मांडीवर घेऊन बसले. मग पुन्हा खाली उतरले आणि ॲम्बॅसेडरची किल्ली काशीरामपुढे धरली.

"माझ्याकडून चूक झाली, काशीराम. ज्यांनी किल्ल्या नेल्या त्या प्रत्येकाकडे मी स्वतः जाईन. पण एक तुम्ही सांगा. आळ तुमच्यावर आला होता, म्हणून तुम्हीच सांगायचं. ही किल्ली याच्या हातात परत द्यायची, की दुसरा ड्रायव्हर बघू? तुम्ही म्हणाल तसं."

जीपच्या पायरीपाशी उभा असलेला हरिश्चंद्र खाली बघत होता. काशीरामनं किल्ली घेतली. ती हातात धरून तो गाडीपाशी गेला, मागचं दार उघडलं, वाकून डाग पुन्हा एकदा बघितला. चिकाला बर्फ. मग तेल ओढून घ्यायला रात्रभर तांदळाचं पीठ. मग रिठ्याचा फेस, दोनदा. मग सावली.

"मखमल आहे, दादा," तो म्हणाला. "घाई केली तर लव कायमची बसते. सुकायला दोन दिवस लागतील."

त्यानं किल्ली फळीवरच्या मधल्या खिळ्याला लावली. सहा झाल्या.

"शिमगा झाला की न्यायला हरीलाच पाठवा," काशीराम म्हणाला, आणि बर्फ आणायला निघाला.